मूठभर गव्हल्यांची किंमत

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी लग्न होते. माझ्या धाकट्या जावेच्या मुलीचे, म्हणजे माझ्या पुतणीचे. कार्यालय ठरले, आचारी ठरला, पत्रिका छापून झाल्या आणि एके दिवशी संध्याकाळी जावेला एकदम आठवले, की मुहूर्ताचे गव्हले राहिलेच! घरात आम्ही बायका पाच-सहा. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिले. गव्हले वळता येणारी आमच्यात एकही नव्हती.

गव्हले म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करायचे. त्या रव्या-सपिठाची कणीक घट्ट मळायची, तिंबायची. मग चिमटीत अगदी थोडी घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवायची, की तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता गव्हला खाली पडतो. एकामागून एक असे हजारो. सावलीत सुकवायचे, मग उन्हात. लग्नात आणि सणावाराला त्यांची खीर. आमच्याकडे या साऱ्या प्रकाराला वळवट म्हणतात. गव्हले, बोटवे, नखुले, फणुले, मालत्या, काडीवर गुंडाळलेले सरगुंडे अशी त्याची नावे. बोटांनी वळले ते बोटवे, नखाने दाबले ते नखुले आणि फणीवर रेघा उमटवल्या ते फणुले. नावातच कृती सांगितलेली आहे.

माझी आई हे सगळे करायची. अंबड तालुक्यातल्या आमच्या खेड्यात चैत्र लागला की ओसरीवर बायका जमायच्या. आज हिच्या घरच्या शेवया, उद्या तिच्या घरच्या कुरडया. मला मात्र त्या घोळक्यात बसायचा कंटाळा. मी पुस्तक घेऊन माळवदावर जायची. शिकले, शिक्षिका झाले, जालन्याला घर केले. आईने एक-दोनदा म्हटले, "अगं, नुसतं बघून तरी ठेव." मी म्हणायची, "आई, बाजारात सगळं मिळतं." आई गेली, त्यालाही आता वीस वर्षे झाली. तिच्या बोटांतले ते सारे तिच्याबरोबर गेले.

तर गव्हल्यांचा शोध सुरू झाला. मी जिथे पूर्वी शिकवायला होते, त्या गावात एक बाई वळवट करून विकतात असे कळले. गेले. दार उघडले ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली! सातवीत शाळा सुटली होती तिची. चहापाणी झाले, विचारपूस झाली. गव्हल्यांचा भाव तिने सातशे रुपये किलो सांगितला आणि श्रोतेहो, सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, दुकानात मशीनच्या शेवया केवढ्या स्वस्त मिळतात! पाचशे लाव."

ती रागावली नाही. हसून म्हणाली, "बाई, गणित तर तुम्हीच शिकवलं. आता मांडून बघा. एक किलो वळायला माझे दोन दिवस जातात. खुरपायला गेले तर दोन दिवसांचे सहाशे येतात. वरच्या शंभरात गहू, दळण, चाळणं, वाळवणं. सांगा, जास्तीचं मी काय मागितलं?"

मी गप्प झाले. मग ती म्हणाली, "बसा जरा माझ्याजवळ. घ्या परात." मी बसले. तासभर वळत राहिले. माझे गव्हले कुठे लांब, कुठे जाड, कुठे नुसतेच पिठाचे तुकडे. तासाभराने पाहिले तर मूठसुद्धा भरली नव्हती. मान आखडली, अंगठा दुखायला लागला. तिच्या परातीत मात्र एकसारख्या दाण्यांची रास पडली होती आणि ती माझ्याशी बोलत होती, नातवाला हाका मारत होती, हाताकडे बघतही नव्हती.

त्या मूठभर गव्हल्यांनी मला जे शिकवले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. आपल्या जुन्या कला आणि जुने पदार्थ यांचे आपण कौतुक भरपूर करतो. किंमत मात्र करत नाही. आणि ज्याची किंमत होत नाही, ते टिकत नाही.

कुणी म्हणेल, नाही टिकले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ आठवणींचा उमाळा काढून देता येणार नाही. म्हणून आधी हे पाहू, की या गोष्टी आपल्याकडे आल्याच कशासाठी.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला, पण दुष्काळाशी त्याची ओळख फार जुनी. १९७२ साल ज्यांनी पाहिले, त्यांना सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आठवत असेल. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या, हे तर अलीकडचेच. अशा मुलखातल्या बायकांनी आपले स्वयंपाकघर रचले, ते पाणी आणि भाजी नसतानाच्या दिवसांसाठी. उन्हाळ्यात फुकट मिळते ते ऊन. त्या उन्हावर त्यांनी कुरडया, पापड, सांडगे वाळवले. बाजरी भरडून, शिजवून, तीळ-लसूण-मिरची घालून खारोड्या घातल्या. दाणे आणि कांदा घेतला की शेतावरची न्याहारी झाली. धान्य आणि डाळ भाजून, मसाल्यासह दळून येसर करून ठेवले. घरात भाजीचे पान नसले तरी पाण्याला उकळी आणून येसर लावले, की आमटी तयार. लग्नात शेकडो माणसांची पंगत त्याच येसराच्या आमटीवर उठायची.

हे नुसते चवीचे पदार्थ नव्हेत. शीतकपाट नसताना अन्न वर्षभर टिकवण्याचे ते शास्त्र आहे. कुठल्या उन्हात किती दिवस, मीठ किती, पीठ किती आंबवायचे, डब्यात काय घालून ठेवायचे, हे सगळे त्यात आले. ते कुठल्या पुस्तकात नव्हते, हातात होते.

घोंगडीचेही तसेच. माझ्या वडिलांची एक काळी घोंगडी होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हाताने कातलेल्या सुताची, चिंचोक्याची खळ लावून विणलेली. पहिल्या दिवशी अंगाला टोचायची. वापरता वापरता मऊ झाली. पावसात तीच डोक्यावर खोळ, थंडीत तीच पांघरूण, खळ्यावर तीच बैठक. एक वस्तू आणि तिची इतकी कामे. आज रंगीत ब्लँकेट स्वस्तात मिळते, आणि कित्येक ठिकाणी मेंढपाळाच्या लोकरीला गिऱ्हाईक नसल्याने ती तशीच टाकून दिली जाते. लोकर पडून, कातणारी म्हातारी बसून, माग मोडून. साखळीचा एक दुवा निखळला, की बाकीचे आपोआप निखळतात.

हातातली विद्या गेली की काय होते, याचा एक फार जुना दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. भोकरदन. जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातले हे भरभराटीचे व्यापारी गाव. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नोंद सापडते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, त्यात हस्तिदंताच्या कोरीव वस्तू निघाल्या. त्यांत एक खंडित स्त्रीमूर्ती होती. आता गंमत पाहा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची आणि आपल्याच मराठवाड्यातल्या तेरची मूर्ती तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की पॉम्पेईची ती मूर्ती याच भागातल्या कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कारागिराच्या हाताला समुद्रापलीकडे मान असावा! पण त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ती कला कधी बंद पडली, ठाऊक नाही. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे आणि हत्तींसाठी तो बंदच राहायला हवा. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की संग्रहालय वस्तू सांभाळते, हात सांभाळू शकत नाही. काचेच्या कपाटातली मूर्ती पुढची मूर्ती घडवत नाही.

आता पुन्हा लग्नघरात येऊ. मी गव्हले घेऊन आले, पूर्ण सातशेच्या भावाने. आमची नवरी पुण्याला नोकरी करते. तिने डब्यात हात घातला आणि म्हणाली, "मोठी आई, हे तर कुसकुससारखं दिसतंय!" मी विचारले, हे काय नवीन? तिने सांगितले, की उत्तर आफ्रिकेतला पदार्थ आहे, पुण्याच्या मोठ्या दुकानात पाकीट मिळते, ती डब्यात नेते. पाकिटाची किंमत तिने सांगितली, तेव्हा मी विचारले, "मग भाव केलास का गं?" ती हसली. पाकिटावरच्या छापील किमतीशी कोण घासाघीस करणार? घासाघीस आपण करतो ती समोर बसलेल्या हाताशी.

त्या कुसकुसने मला चाळवले. माहिती काढली. ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्को, मॉरिटानिया या चार देशांनी मिळून अर्ज केला आणि २०२० मध्ये युनेस्कोने कुसकुसची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. पाकिटातला असतो यंत्रावरचा, पण तिकडच्या घरांमध्ये बायका एकत्र बसून, मोठ्या परातीत रवा घेऊन, पाण्याचा हबका मारत तळहाताने त्याचे बारीक दाणे वळतात, चाळतात, वाफवतात, सुकवतात. ओसरी आपलीच वाटावी असे हे दृश्य! ट्युनिशियात लाल मिरच्या वाळवून, लसूण आणि धने-शहाजिऱ्यासारखे मसाले घालून, वाटून हरिसा नावाची चटणी करतात. आपल्या ठेच्याची ही दूरची बहीणच. तिची नोंद २०२२ मध्ये झाली. त्याच देशातल्या सेजनान गावच्या बायका चाक न वापरता हाताने मडकी आणि बाहुल्या घडवतात, उघड्या जाळावर भाजतात. त्यांच्या कसबाची नोंद २०१८ ची.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नोंद झाली ती केवळ पदार्थाची किंवा मडक्याची नाही. ते करण्याच्या ज्ञानाची आणि ते एका पिढीकडून दुसरीकडे देण्याच्या रीतीची. त्या लोकांनी जगाला सांगितले, की आमच्या आज्यांच्या हातात जे आहे, ते आमचे धन आहे. आपण आपल्या आज्यांना काय सांगितले? "बाजारात सगळं मिळतं."

आपल्याकडे काहीच होत नाही, असे मात्र नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा आपण १९९९ मध्ये केला, २००३ पासून तो लागू झाला. पैठणीला २०१० मध्ये मानांकन मिळाले, जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये, आणि २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या दगडी ज्वारीला. या ज्वारीची मला फार अपूर्वाई वाटते. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली. तिने पुढे दुष्काळात लोकांची पोटे भरली, ते उपकार विसरू नयेत. पण तिच्यापुढे रब्बीचे जुने गावरान वाण मागे पडत गेले. काही शेतकऱ्यांनी मात्र घरापुरती का होईना, दगडी ज्वारी पेरत ठेवली. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा साऱ्या जगाला ज्वारी-बाजरीची आठवण झाली. त्या शेतकऱ्यांना कुणी आठवण करून द्यावी लागली नव्हती.

पण मानांकन म्हणजे कागद. गिऱ्हाईक नसेल तर कागद भिंतीवर राहतो. पैठणीचेच पाहा. मानांकन असूनही यंत्रमागावरची साडी "पैठणी" म्हणून सर्रास विकली जाते आणि आपण ती हौसेने घेतो. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या कार्यक्रमात थेट कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण सारे चवताळून उठलो. चवताळलो ते योग्यच. पुढे कंपनीने प्रेरणा कुठून घेतली ते मान्यही केले. पण मी स्वतःला विचारले, की चामड्याची, हाताने शिवलेली कोल्हापुरी चप्पल मी शेवटची कधी घेतली? आणि घेताना भाव किती पाडला?

आता मला एक दुसरी बाजूही मांडायची आहे, नाहीतर हे बोलणे अर्धवट राहील. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. पहाटे चारला उठून जात्यावर दळण दळणाऱ्या बाईच्या ओव्या आपल्याला गोड वाटतात. पण ती दळत होती, कारण तिला दुसरा इलाज नव्हता. माझ्या आईचा उजवा खांदा उतारवयात वर होत नव्हता. तो जात्याने आणि शेवयांच्या पाटाने गेला होता. त्या कष्टांना तिला कधी मजुरी मिळाली नाही. "बाईचं कामच आहे ते," एवढेच मिळाले. मी पुस्तक घेऊन माळवदावर पळाले ते उगीच नाही. त्यामुळे आजच्या मुलींनी पुन्हा जात्याला बसावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

दळण गिरणीने करावे. शेवया यंत्राने निघत असतील तर निघू द्याव्यात. ज्यात नुसती ढोरमेहनत आहे, ते यंत्राला खुशाल द्यावे. पण जिथे हाताची समज आहे, नजर आहे, ती विद्या जपावी. आणि ती फुकटात जपायची नाही. परंपरेच्या नावाखाली कुणाच्या तरी पाठीवर ओझे ठेवून टिकवलेली कला ही टिकवलेली नव्हेच. ती लादलेली असते. जी विद्या करणाऱ्याला पोटभर भाकरी देते, तीच त्याच्या मुलांना शिकाविशी वाटते.

पूर्वी म्हणायचे, "जालना सोने का पालना." या गावाने व्यापाराचे वैभव पाहिले. आज ते बियाण्यांसाठी आणि सळयांसाठी देशभर ओळखले जाते. व्यवहाराची समज आपल्या पाण्यात आहे. मग हाताच्या कामाशीच आपला व्यवहार एवढा कच्चा का?

फार मोठ्या योजना मला सुचत नाहीत. मी साधी शिक्षिका. पण तीन गोष्टी आपल्यापैकी कुणालाही जमतील. पहिली, बचत गटाच्या बायका, घोंगडीवाला, बुरूड, कुंभार यांच्याशी भाव करताना आधी विचारा, "याला वेळ किती लागतो?" उत्तर ऐकल्यावर तोंडून कमी भाव निघणे अवघड जाते, हा माझा अनुभव आहे. दुसरी, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ एक रविवार बसा आणि एक गोष्ट शिका. येसर असेल, गोधडीचा टाका असेल, खारोडी असेल. नुसते मोबाइलवर चित्रण करून ठेवू नका. चित्रणात हात दिसतो, हाताचा दाब कळत नाही. आणि तिसरी, मुलींबरोबर मुलांनाही बसवा. चिमटीला मुलगा-मुलगी कळत नाही.

लग्नाच्या पंगतीत गव्हल्यांची खीर वाढली गेली. कुणी विशेष दखल घेतली असे नाही. पंगतीत तसे होतच नाही. पण नवरीने सासरी जाताना उरलेल्या गव्हल्यांचा डबा मागून घेतला. दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "मोठी आई, संपले. त्या काकूंकडे जाऊ या का? मला बघायचंय कसं करतात."

आम्ही गेलो. माझ्या विद्यार्थिनीने दोन पाट मांडले. नवरीचा नवरा जरा अवघडून दाराशीच उभा होता. तिने त्यालाही आत बोलावले आणि कणकेचा गोळा हातात दिला. त्याचा पहिला गव्हला जवळजवळ हरभऱ्याएवढा झाला. सगळे हसलो. दुसरा जरा बरा झाला. तास उलटला तेव्हा तिघांचे मिळून कसेबसे मूठभर झाले होते.

निघताना जावयाने किलोभर गव्हले मागितले आणि भाव विचारला. "सातशे," ती म्हणाली. त्याने पैसे मोजले आणि एक शब्दही न बोलता दिले. तास त्याच्या बोटांनी मोजलेला होता.